फराळाच्या डब्यातले जुने आणि नवे

दिवाळीच्या फराळातील सर्वांत जुना पदार्थ कोणता, हा प्रश्न एकदा घरात विचारून पाहावा. उत्तरे ठामपणे येतात. कोणी अनारसे सांगते, कोणी चकली, कोणी लाडू. पुरावा मात्र सर्वांचा एकच असतो : ‘आमच्या पणजीच्या वेळेपासून असंच करतात.’ पणजीचा काळ म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे वर्षे. इतिहासाच्या हिशेबाने ही कालपरवाची गोष्ट झाली.

या मालिकेत आजवर आपण किल्ले, तह, नाणी आणि शिलालेख पाहिले. आज स्वयंपाकघराकडे वळू. येथे शिक्का नाही, मोर्तब नाही, कोणाची सही नाही. पुरावे तरीही आहेत. ते पदार्थांच्या नावांत आहेत, जिनसांत आहेत आणि करण्याच्या रीतीत आहेत. हे तीन पुरावे शेजारी ठेवले तर एक गोष्ट ध्यानात येते. फराळातील नावे आणि हातवळणे बरीच जुनी आहेत. जिन्नस मात्र पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके नवे आहेत.

‘फराळ’ हा शब्दच पाहा. तो ‘फलाहार’ या संस्कृत शब्दापासून आला. मूळ अर्थ उपवासाच्या दिवशीचे फळांचे खाणे. मराठीने तो शब्द घेतला, झिजवला आणि त्यात उपवासाबरोबर दिवाळीची तळणेही कोंबली. आजही ‘फराळाचं काय केलंय?’ हा प्रश्न एकादशीला आणि लक्ष्मीपूजनाला अगदी भिन्न अर्थांनी विचारला जातो, आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.

त्यातही उपवासाचे ताट अधिक गमतीदार. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात मलाया-जावाकडून येणारा माल थांबला, तेव्हा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिथलाच, हिरवी मिरचीदेखील अमेरिका खंडातली. म्हणजे आषाढी एकादशीच्या वाटीत जिरे, तूप आणि मीठ एवढेच काय ते घरचे. जुन्या निबंधकारांनी व्रतात वर्ज्य धान्यांच्या याद्या केल्या, तेव्हा हे पाहुणे अद्याप समुद्रापलीकडे होते. ते निषिद्ध ठरले नाहीत, याचे एक कारण त्यांचे नावच कोणाला ठाऊक नव्हते, असे मला वाटते.

आता मागे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हत्तींच्या परीक्षेपासून संगीतापर्यंत शंभर विषय हाताळणाऱ्या या ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात राजाने पाककृती दिल्या आहेत. त्यातला ‘मंडक’ वाचताना मराठी माणूस थबकतो. गहू भिजवून, वाळवून, दळायचे. पीठ चाळून, तूप-मीठ घालून मळायचे. गोळा हातावर वाढवत न्यायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. बेळगावचे मांडे करणाऱ्यांना यात काही समजावून सांगावे लागणार नाही. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. कथेचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी मांडा हा त्या समाजाच्या रोजच्या ओळखीचा पदार्थ होता एवढे तिच्यातून दिसतेच.

सोमेश्वराचा ‘क्षीरप्रकार’ही वाचण्याजोगा. ताक घालून दूध फाडायचे, पाणी निथळून टाकायचे, उरलेल्या गोळ्यात तांदळाचे पीठ मिसळून आकार द्यायचे, तुपात तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे. आपल्या गुलाबजामचा हा थेट पूर्वज आहे असे मी म्हणणार नाही. पण नात्यातला नक्कीच आहे.

याच ग्रंथात, संगीताच्या भागात, आणखी एक नोंद आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे राजा सांगतो. ती नोंद मराठी वाङ्मयाचे अभ्यासक वारंवार देतात, आणि पाककृतींची चर्चा खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक करतात. मला मात्र या दोन नोंदी एकत्र वाचाव्याशा वाटतात. राजाच्या थाळीतले पीठ ज्या मुसळाखाली आणि जात्याखाली तयार होत होते, तेथेच ते गाणे चालले होते. पदार्थाचे नाव राहिले, राजाचे राहिले, गाण्याच्या प्रकाराचेही राहिले. गाणाऱ्या बाईचे राहिले नाही.

चकलीकडे येऊ. संस्कृतात ‘शष्कुली’ नावाचा तळलेला पदार्थ आहे आणि कानडीत ‘चक्कुली’ आहे. मराठी चकली याच कुळातली. आयुर्वेदात कानाच्या बाहेरच्या पाळीला ‘कर्णशष्कुली’ म्हणतात. म्हणजे शरीराच्या अवयवाला नाव द्यायला पदार्थाचा आकार उपयोगी पडावा इतका तो प्रसिद्ध होता. एकदा आरशात आपला कान पाहावा. वेढे ओळखू येतात. आकार आणि नाव असे प्राचीन. पण आजच्या चकलीचा रंग आणि तिखटपणा ज्या लाल मिरचीचा, ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्यापूर्वी तिखटाची कामगिरी मिरी, पिंपळी आणि आले यांच्याकडे होती. नव्या पाहुणीला मराठीने ‘मिरी’वरूनच ‘मिरची’ केले आणि ती घरचीच होऊन बसली. शेंगदाण्याच्या झाडाला आपण ‘भुईमूग’ म्हटले, म्हणजे भुईतला मूग. अनोळखी वस्तूला ओळखीच्या वस्तूचे नाव द्यायचे, ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी खोड आहे. काजू आणि बटाटा मात्र आपापली नावे घेऊनच आले. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मिळालेले.

शंकरपाळ्याची कथा उलटी. फारसीत ‘शक्करपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. शक्करचे शंकर झाले, पाऱ्याचे पाळे झाले, आणि एका पर्शियन मिठाईला कैलासावर जागा मिळाली. अनारसा तेवढा शुद्ध वाटतो : तीन दिवस भिजवलेले तांदूळ, रोज बदललेले पाणी, गूळ, तूप. पण त्याला लावलेली खसखस हे अफूच्या झाडाचे बी, आणि तीही पश्चिमेकडून आलेली.

पोह्यांचा वंश मात्र निर्विवाद जुना. संस्कृत ‘पृथुक’. भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाचा दरिद्री मित्र, ज्याला आपण सुदामा म्हणतो, फडक्यात बांधून नेतो ते हेच. चिवड्यात त्यांच्या शेजारी शेंगदाणे, काजू आणि मिरची आहे, म्हणजे दोन हजार मैलांची नव्हे तर दोन महासागरांची सोयरीक एका डब्यात नांदते आहे.

याच पोह्यांचे एक फारसे चर्चेत न येणारे घर कोकणात आहे. अलिबागच्या परिसरात शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल समाज, ज्याला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत कारण तेल गाळण्याचा धंदा करणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, आनंदाच्या प्रसंगी ‘मलिदा’ करतो. भिजवलेले पोहे, खोवलेले ओले खोबरे, साखर वा गूळ, वेलची आणि सोबत फळे. एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करून ते ताट वाटले जाते. या समाजाने आपल्या ज्यू सणांना मराठी नावे दिली होती. एकाचे नाव ‘खिरीचा सण’. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि मलिदाही गेला. हिब्रू प्रार्थना, मराठी जिन्नस आणि कोकणी हात यांचे ते ताट आज भूमध्य समुद्राच्या काठावर मांडले जाते.

गोव्यात याहून कठीण परीक्षा झाली. तेथील इन्क्विझिशनने १७३६ साली एक विस्तृत जाहीरनामा काढला. धर्मांतरित ख्रिस्त्यांनी कोणते हिंदू रीतिरिवाज पाळू नयेत याची ती यादी होती. लग्नातले विधी, पोशाख, गाणी यांबरोबरच तीत चुलीचीही नोंद आहे. हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून वरून मीठ घालू नये, असा तो आदेश. मीठ भात शिजताना घातले की नंतर, एवढ्यावरून माणसाचा धर्म तपासला जात होता. या तपशिलापुढे लढायांची वर्णने मला फिकी वाटतात. तरीही नेवरी टिकली. करंजीलाच गोव्यात नेवरी म्हणतात. चतुर्थीला ती हिंदू घरात होते आणि नाताळला ख्रिस्ती घरात. गोवा-मंगळूरकडे नाताळच्या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात, आणि बेबिंका-दोदोलच्या शेजारी नेवरी तेथे मानाने बसते. चूण तेच, मुरड तीच. मुरड घालणाऱ्या बोटांना जाहीरनामा वाचता येत नव्हता.

तंजावरात मराठ्यांचे राज्य होते, तेथे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हा पंडित समर्थ रामदासांच्या परिवारातला. त्याच्या ग्रंथाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी. गोडे यांनी तांबूल, साबण, जिलबी अशा क्षुल्लक गणल्या गेलेल्या वस्तूंचे इतिहास हस्तलिखितांतून खणून काढले. जिलबीचा शोध घेताना ते जिनसूराच्या ‘प्रियंकरनृपकथा’ या सुमारे १४५० च्या जैन ग्रंथापर्यंत पोहोचले. तेथे एका श्रीमंताच्या जेवणात जिलबी वाढलेली आहे. शब्द अरबी ‘झलाबिया’चा नातलग, आणि साक्ष एका जैन कथेची. ‘भोजनकुतूहला’त तिची कृतीही सापडते. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात याच दरबारात ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले. दरबाराला लेखनिक होता, म्हणून त्या कृती आपल्यापर्यंत आल्या. वाड्यातल्या स्वयंपाकघराला लेखनिक कोण देणार?

साखरेसाठी मात्र जरा थांबावे लागेल, कारण फराळाची सगळी आठवण तिच्याभोवती फिरते. घरचे गोड पूर्वी मुख्यतः गुळाचे. पांढरी दाणेदार साखर ही विकत आणायची, जपून वापरायची चीज. एकोणिसाव्या शतकात तिला मराठीत ‘मोरस साखर’ असे नाव होते. मोरस म्हणजे मॉरिशस. चीनवरून ‘चिनी’ आणि इजिप्तच्या मिस्रवरून ‘मिस्री’, तसेच हे बंदराचे नाव मालाला चिकटलेले. आता दुसरी बाजू पाहा. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले जात होते, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थी साजरी करतात. रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात मोरस साखरेचा लाडू वळला जात असेल, तेव्हा त्या साखरेचा ऊस त्याच घरच्या परागंदा दिराने तोडलेला असणे अशक्य नव्हते. लाडू वळणारीला हे कळायला मार्ग नव्हता.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत हीच साखर वादाचा विषय झाली. परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही टाकावी, असे आवाहन महाराष्ट्रात झाले. ती जनावरांच्या हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात हा मुद्दा त्यासाठी पुढे आला, आणि शुद्धीकरणाची ती पद्धत प्रत्यक्षात होतीही. राजकारण सभेत चालते असा आपला समज असतो. त्या वर्षांत ते दिवाळीच्या परातीत उतरले होते, आणि गूळ की साखर हा निर्णय पुष्कळ घरांत बायकांनी केला. पुढे १९३२ च्या कायद्याने देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. मोरस हा शब्द हळूहळू विस्मरणात गेला. त्याच्या वाट्याचा गूळही डब्यातून बराचसा हटला.

छापील पुस्तकांत घरचा फराळ केव्हा शिरला? मराठीतील सुरुवातीच्या पाकपुस्तकांपैकी महत्त्वाचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, आणि त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. बायकांची विद्या प्रथम पुरुषाच्या नावाने छापली गेली, यात त्या काळाचे काही वेगळेपण नाही. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने एक साधी गोष्ट केली : वाटी आणि चमचा ही मापे धरली. ती क्रांती होती असे मी बेधडक म्हणेन. कारण त्याआधी घरोघर जी मापे चालत, ती मोडीत निघाली होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि काही वर्षांत किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. सासूने तोंडपाठ केलेली भाजणी चिपट्या-मापट्यांत होती, सुनेच्या दुकानातली पुडी ग्रॅमात. माझ्या आजीला शेवटपर्यंत पाव किलो म्हणजे किती हे सांगावे लागे, पण चिपटे भरून तांदूळ काढताना तिचा हात एका दाण्याने चुकत नसे.

पुस्तकात जे मावले नाही ते निराळेच. मोहन किती कडकडीत हवे, साटा लावताना लाटीचे पापुद्रे किती, पाक एकतारी झाला हे अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कसे ओळखायचे, अनारसा तुपात गेल्यावर हसला तर काय करायचे. ही भाषा कृतीची आहे. ‘अनारसा हसला’ म्हणजे तो तुपात फुटून पसरला. ज्याने तो हसलेला पाहिला नाही त्याला हे वाक्य विनोदी वाटेल, ज्या बाईचे तीन दिवस त्यात गेले तिला मुळीच वाटणार नाही. या बायकांत कित्येक विधवा होत्या. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या आलवणातल्या आत्या आणि काकू सगळ्या घराचा फराळ सोवळ्यात करीत. ओवाळणीला त्या मागे असत, हळदीकुंकवाला त्यांना जागा नसे. अनेक घरांत ‘आत्याचे चिरोटे’ म्हणून जे नावाजले जाते, त्यातल्या आत्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही.

भाजणी पूर्वी जात्यावर दळली जाई. पहाटेच्या त्या दळणाबरोबर ओवी होती. विजेवर वा तेलावर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव आली, तशी पाठ मोडणारे कष्ट संपले आणि ते कष्ट ज्या गाण्याने सुसह्य केले होते ते गाणेही थांबले. यात हळहळावे की समाधान मानावे? जात्याचा खुंटा ज्यांच्या हाताला घट्टे पाडीत होता त्यांनी गिरणीचे स्वागतच केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा जाती कोपऱ्यात गेलेली होती, पण म्हाताऱ्यांना ओव्या आठवत होत्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदल्या गेल्या, आणि या वेळी गाणारीच्या नावानिशी. सोमेश्वराच्या ग्रंथात जी नावे नव्हती, त्यांच्या वारसांची तरी नावे आता कागदावर आहेत.

तळणाच्या कढईतही सत्तांतरे झाली. तूप श्रीमंतांचे, बाकीच्यांना घाण्याचे तेल. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला आणि तुपाचा आभास स्वस्तात मिळू लागला. त्याच्याविषयी संशय किती आणि ओढ किती! पाहुण्यांसमोर ‘तुपातले आहेत’ असे सांगून डालड्यातल्या करंज्या वाढणारी घरे थोडी नव्हती. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात शेव-चिवडा भरला जाई, आणि झाकण गंजले की तुळस लावली जाई. रेशनची दशके त्याच डब्यात गेली. दिवाळीची जादा साखर आली का, हे पाहायला मुलांना दुकानाच्या रांगेत उभे केले जाई.

अगदी अलीकडचा दस्तऐवज २०२२ चा. त्या दिवाळीला महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. फराळ म्हणजे नेमके काय, याची सरकारी व्याख्या प्रथमच एका पिशवीत बांधली गेली होती. पामतेलाचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, तेल बहुतांश इंडोनेशिया-मलेशियाचे. या चार जिनसांत लाडू होतात, शेव होते, रव्याच्या करंज्या होतात. भाजणी मात्र त्या पिशवीत नव्हती. ती घरीच भाजावी लागली.